छज्ज्याखालच्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यात राणी कोणती, हे कसं ओळखायचं? (नागपूर)

विज्ञानताई_मानेवाडा

नमस्कार मंडळी. शाळेच्या जिन्यातल्या खिडकीबाहेर, छज्ज्याच्या खाली गांधीलमाश्यांचं एक उघडं पोळं आहे. करड्या कागदासारखं, एकाच बारीक देठाला लटकलेलं. काल मोजले तेव्हा ५२ कप्पे होते, त्यांतल्या ११ कप्प्यांवर पांढरी टोपणं. पहाटे उजाडायच्या आत १७ माश्या बसलेल्या दिसल्या. माशी साधारण सव्वा सेंटिमीटर, तांबूस तपकिरी, पोटावर एक पिवळी रेघ, कंबर देठासारखी बारीक. बंद काचेतून पोळं जेमतेम दीड फुटावर दिसतं.

नववीच्या आठ मुलांना घेऊन दिवाळीपर्यंत याचं निरीक्षण करायचं आहे. प्रश्न असे:

१. सगळ्या माश्या सारख्याच दिसतात. राणी कोणती? जी सारखी दुसऱ्यांच्या अंगावर धावून जाते तीच असावी, असं मुलांचं म्हणणं.
२. माश्यांवर रंगाचे ठिपके द्यायचे तर कसे? नेलपॉलिश चालेल का?
३. बहिणी-बहिणींचं नातं तीन-चतुर्थांश असतं, म्हणून कामकरी माश्या स्वतः अंडी न घालता राणीची पिल्लं वाढवतात, असं पुस्तकात आहे. एवढ्यावरच थांबायचं का?

---

देठ_आणि_पोळं

ताई, वर्णनावरून ही रोपॅलिडिया मार्जिनाटा दिसते. पक्कं करायचं असेल तर पोटाचा आकार बघा. रोपॅलिडियात कंबरेचा देठ बारीक आणि त्याच्यापुढे एकदम फुगीर गोळा असतो. पोलिस्टेस नावाची दुसरी गांधीलमाशी असेल तर पोट दोन्हीकडे निमुळतं, चातीसारखं दिसतं आणि माशी बरीच मोठी असते. तुम्ही म्हणता तशी देठासारखी कंबर असेल तर रोपॅलिडियाच धरा.

ही गांधीलमाशी तुमच्या छज्ज्याखाली आली हे नशीबच समजा. सामाजिक कीटकांची उत्क्रांती कशी झाली असेल यावर आपल्या देशात जे सगळ्यात मोठं काम झालं, ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच माशीवर केलं. त्यातलं बरंचसं रंगाचे ठिपके, वही, पेन आणि घड्याळ एवढ्यावर झालेलं आहे.

आता राणी. मुलांचा अंदाज इथे चुकतो, आणि नेमका का चुकतो हे त्यांना कळणं फार मोलाचं आहे. मार्जिनाटाची राणी भांडखोर नसते. ती शांत बसते, पोळं सोडून फारशी जात नाही, आणि मारामारीच्या उतरंडीत बहुतेक वेळा सगळ्यात वर नसते. १९८३ मध्ये गदगकर आणि जोशी यांनी प्रत्येक माशीच्या वेळेचा हिशेब मांडला, तेव्हा माश्यांचे तीन गट पडले: बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या. राणी बसणाऱ्यांच्या गटात निघाली. हिचीच जवळची जात रोपॅलिडिया सायाथिफॉर्मिस, तिची राणी मात्र भांडणाऱ्यांत मोडते आणि सगळ्यांवर दादागिरी करते. म्हणजे धावून जाते ती राणी, हा नियम एका जातीत बरोबर आणि शेजारच्या जातीत चूक.

राणी ओळखायची खात्रीची खूण एकच: अंडं घालताना दिसणं. माशी आधी रिकाम्या कप्प्यात डोकं घालून पाहते, मग उलटी फिरते, पोट कप्प्यात घालते आणि काही मिनिटं तशीच थांबते. डोकं आत गेलं तर ती तपासणी किंवा अळीला भरवणं. पोट आत गेलं तर अंडं. मुलांना हा फरक पहिल्याच दिवशी पाठ करायला लावा, इथे गोंधळ झाला की पुढची सगळी वही फुकट जाते. दुसरी, जरा बारीक खूण म्हणजे राणी पोटाचं टोक पोळ्यावर घासत चालते. तिच्या पोटातल्या ड्यूफोर ग्रंथीतला स्राव असा पोळ्यावर लागतो आणि राणी आहे ही बातमी सगळ्यांना त्यातून मिळत राहते.

---

वाळ्याचा_कूलर

नेलपॉलिश नको. तिच्या वासानेच अख्खं पोळं पंख उभारून बसतं, आणि थेंब जरा मोठा झाला की पातळ होऊन पंखांच्या मुळाशी ओघळतो. पंख चिकटला की ती माशी संपली. त्यापेक्षा माशी पकडून बाटलीत घाला, बर्फावर पाच मिनिटं ठेवा, गार पडली की आरामात ठिपका द्या.

---

पहाटेचा_ठिपका

नेलपॉलिशबद्दल वर लिहिलंय ते अगदी बरोबर. पण बर्फाची पद्धत शाळेत अजिबात नको. एकेक माशी पोळ्यावरून उचलायची म्हणजे पोळं हलणार, उरलेल्या सोळा अंगावर येणार. शिवाय गार पडलेली माशी शुद्धीवर येताना देठाजवळ ठेवली नाही तर खाली पडते आणि मुंग्या तिला नेतात. प्रयोगशाळेतली पद्धत प्रयोगशाळेतच बरी.

साधा मार्ग असा. चित्रकलेचे पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग घ्या, ट्यूबमधले, पाणी न घालता. रंग पाचच: पांढरा, पिवळा, पोपटी, आकाशी, गुलाबी. लाल आणि केशरी तांबूस अंगावर उठत नाहीत, गडद निळा सावलीत काळा दिसतो. ठिपका द्यायला गवताची वाळलेली काडी किंवा बारीक केलेली टूथपिक, ती दोन फुटांच्या हलक्या काठीला बांधून. ठिपका मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान हवा. जागा छातीच्या पाठीवर, डोक्याच्या मागे आणि पंखांच्या मुळांच्या पुढे. बाजूला सरकू देऊ नका, श्वासाची छिद्रं बाजूला असतात. मिशांना किंवा डोळ्यांना रंग लागला तर ती माशी पुढचे काही तास फक्त अंग पुसत बसते आणि तुमच्या वहीत उगाच आळशी ठरते.

प्रत्येक माशीला दोन ठिपके द्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. पाच रंगांत २५ जोड्या होतात, १७ माश्यांना पुरून उरतात. एकट्या ठिपक्याची खूण मोह पडला तरी वापरू नका. रंग कधीतरी उडतोच. सगळ्यांना दोन ठिपके असले तर एक ठिपका दिसला की दुसरा उडाला हे लगेच कळतं. एकठिपकेवाल्याही ठेवल्या तर पांढरा-पोपटीचा पोपटी उडाला की ती नुसती पांढरी होऊन दुसऱ्याच माशीच्या खात्यात जाते, आणि ही चूक नंतर सापडत नाही.

वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. टॉर्चला लाल जिलेटिन कागदाचे दोन पदर लावा. या माश्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. एका पहाटे चार-पाचच माश्या करा. पंख उभे राहिले की हात मागे घ्या आणि दहा मिनिटं थांबा. तोंडाला रुमाल बांधा, कारण आपला श्वास थेट पोळ्यावर गेला की त्या भडकतात. अत्तर, सुगंधी तेल त्या दिवशी नको. रंगवायचं काम मोठ्या माणसाचं, मुलं काचेआड. ज्याला पूर्वी दंशानंतर अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, त्याने या कामात पडूच नये. दंशानंतर अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपायात वेळ न घालवता सरळ दवाखाना.

सगळ्यात सोपी माशी म्हणजे त्याच दिवशी कोषातून बाहेर आलेली. रंग फिका, अंग मऊ, पहिल्या दिवशी उडायचं नाव नाही. टोपण फुटलेलं दिसलं की दुसऱ्या पहाटे तिला ठिपके द्या. तिचं वय तुम्हाला दिवसासकट माहीत असतं, आणि अभ्यासात त्याच माश्या सोन्याच्या.

एक चूक फार होते. काठी, दोरा किंवा आरसा पोळ्याला टेकवून ठेवला जातो. पोळं एका देठाला लटकतं ते उगाच नाही. माश्या पोटाखालच्या ग्रंथीतला मुंग्यांना नकोसा स्राव त्या देठाला घासून ठेवतात, म्हणजे मुंग्यांची एकमेव वाट बंद. तुमची काठी टेकली की दुसरी वाट उघडली, आणि एका रात्रीत अंडी-अळ्या साफ होतात.

---

देठ_आणि_पोळं

वरच्या सूचनांत वहीचं तेवढं घालते. षट्कोनी खणांचा कागद घ्या, पोळ्याचा नकाशा काढा, प्रत्येक कप्प्याला क्रमांक द्या. दर दोन दिवसांनी ठरलेल्या वेळी लांब दांडीच्या छोट्या आरशाने आत पाहा आणि लिहा: रिकामा, अंडं, लहान अळी, मधली अळी, मोठी अळी, कोष. अंडं पांढरं, लांबट, कप्प्याच्या भिंतीला चिकटवलेलं असतं, बारीक आहे म्हणून नजर बसायला दोन-तीन दिवस जातात. पांढरं टोपण अळी स्वतःच रेशमाने विणते, ते माश्यांनी बसवलेलं झाकण नव्हे.

वागणुकीसाठी पाच मिनिटांचे तुकडे पाडा. एका तुकड्यात फक्त त्या क्षणाचा फोटो टिपल्यासारखं लिहायचं: कोण बसली आहे, कोण मिशा उभारून बसली आहे, कोण चालते आहे, कोणाचं डोकं कप्प्यात आहे, कोण घरी नाही. पुढच्या तुकड्यात मोजक्याच घटना, पण एकही न सोडता: कोणी कोणाला चावलं, कोण कोणावर चढून बसली, कोण काय घेऊन आली आणि ते कोणी काढून घेतलं. दोन्ही एकदम करायला गेलात तर मारामारी लक्ष खेचून घेते आणि शांत बसलेल्या माश्या वहीतून गायब होतात. शांत बसलेलीच तर तुम्हाला शोधायची आहे!

आणलेला माल ओळखायची रीत: जबड्यात हिरवट किंवा पांढुरका ओला गोळा म्हणजे चघळलेली अळी, बहुधा कढीपत्त्यावरची किंवा लिंबाच्या कुंडीतली. काळपट करडा गोळा म्हणजे लाकडाचा लगदा, पोळं बांधायला. जबड्यात काही दिसत नाही, पण आल्याबरोबर तोंडाला तोंड लावून बाकीच्या गोळा होतात, म्हणजे रस किंवा पाणी. नागपूरच्या मे महिन्यात तर एखादी माशी सारखी कूलरच्या टाकीवर बसून पाणी नेते, कप्प्यांच्या काठांवर थेंब पसरवते आणि दुसऱ्या माश्या पंखांनी वारा घालतात. अळ्या शिजू नयेत म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात पोळं टिकलं तर हे जरूर बघा.

बारीक नजरेने बघण्यासारखं आणखी एक: मोठ्या अळीच्या तोंडाला माशी तोंड लावते तेव्हा नेहमी ती भरवतच असते असं नाही. कित्येकदा अळीच्या तोंडातून येणारा स्वच्छ थेंब माशी पिते. माशीची कंबर इतकी बारीक की घन अन्न पोटात उतरत नाही, म्हणून मांस अळी खाते आणि त्यातला पौष्टिक रस मोठ्यांना परत मिळतो.

---

विज्ञानताई_मानेवाडा

मनापासून आभार. रंग आणि जिलेटिन कागद सीताबर्डीवरून आणते. तिसऱ्या प्रश्नाबद्दल कोणी लिहील का? आणि आमची राणी मेली तर पोळं मोडेल का? मुलं हेच विचारून राहिली सारखी.

---

तीन_चतुर्थांश

तिसरा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून सविस्तर लिहितो.

मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्यात नर अफलित अंड्यातून होतो. त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो, मादीकडे दोन. म्हणून एका बापाच्या सगळ्या मुलींना बापाकडून हुबेहूब तोच वारसा मिळतो, आणि सख्ख्या बहिणींचं नातं, म्हणजे समान जनुकांचं प्रमाण, ०.७५ येतं. स्वतःच्या लेकीशी मात्र ०.५ च. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये हे मांडलं, आणि त्यावरून लोकांनी निष्कर्ष काढला की लेकीपेक्षा बहीण वाढवणं फायद्याचं. पुस्तकात आहे ते एवढंच.

त्यात तीन अडचणी आहेत, आणि तिन्ही मुलांना समजतील अशा आहेत.

पहिली, भावाशी नातं फक्त ०.२५ असतं. निम्म्या बहिणी आणि निम्मे भाऊ वाढवले तर सरासरी पुन्हा ०.५, म्हणजे फायदा शून्य. १९७६ मध्ये ट्रिव्हर्स आणि हेअर यांनी हे दाखवून दिलं.

दुसरी, बहिणी सख्ख्या असतीलच असं नाही. मार्जिनाटाची राणी एक ते तीन नरांशी मिलन करते आणि सगळ्यांचं शुक्र मिसळून वापरते. मग बहिणींचं सरासरी नातं ०.५३ च्या आसपास उतरतं. त्यात राण्या बदलत राहतात. आजची कामकरी जिला भरवते ती कधी बहीण, कधी भाची, कधी मावशीची नात.

तिसरी, वाळवीत नर-मादी दोघांकडेही दोन-दोन संच असतात, तिथे हे गणित लागूच होत नाही, आणि तरी तिच्यात राजा-राणी-कामकरी सगळं आहे.

हॅमिल्टनचा मूळ नियम यामुळे खोटा ठरत नाही, हे मुलांना ठासून सांगा. तो म्हणतो की नात्याचं प्रमाण गुणिले मिळणारा लाभ हा सोसलेल्या तोट्यापेक्षा जास्त हवा. लोक नात्यावरच अडकून बसले आणि लाभ-तोटा मोजायचा राहिला. तुमच्या छज्ज्याखाली नेमका तोच मोजता येतो.

अंड्यापासून माशी व्हायला या जातीत साधारण दोन महिने लागतात. कामकरी माशी पोळ्यावर सरासरी महिनाभरच टिकते. आता एकटी माशी स्वतंत्र पोळं बांधायला निघाली असं धरा. समजा तिच्या मरणाची शक्यता रोज ३ टक्के. ६० दिवस जगण्याची शक्यता ०.९७ चा ६० वा घात, म्हणजे सुमारे १६ टक्के. तिसाव्या दिवशी ती मेली तर तीस दिवसांची मेहनत मातीमोल, कारण अर्धी वाढलेली अळी भरवायला दुसरं कोणी नाही. तीच माशी भरल्या पोळ्यात राहिली आणि तिसाव्या दिवशी मेली, तर तिने भरवलेल्या अळ्या दुसऱ्या माश्या पुढे वाढवतात. तिचे तीस दिवस वाया जात नाहीत. गदगकरांनी १९९० मध्ये हा विचार मांडला, आणि नातं ०.५ पेक्षा कमी असतानाही कामकरी होणं का परवडतं हे त्यातून समजतं.

म्हणून ताई, मुलांना दोनच तारखा जपायला सांगा: कप्प्यात अंडं पहिल्यांदा दिसलं ती आणि त्याच कप्प्यातून माशी बाहेर आली ती. आणि प्रत्येक ठिपकेवाल्या माशीची जन्मतारीख आणि शेवटची दिसल्याची तारीख. ऑगस्टच्या अखेरीस घातलेल्या अंड्याची माशी ऑक्टोबरच्या अखेरीस हाती येते, दिवाळीपर्यंत एक पिढी पुरी होते. एक सावधगिरी: माशी दिसेनाशी झाली म्हणजे मेलीच असं नाही, ती दुसरीकडे पोळं बांधायलाही गेलेली असू शकते. म्हणून वहीत 'मेली' न लिहिता 'शेवटची दिसली' लिहा. नर तर जन्मल्यावर आठवडाभरात पोळं सोडून जातात, त्यांना या हिशेबातून वेगळं काढा, नाहीतर सरासरी उगाच खाली येते.

आणखी एक प्रश्न मुलं विचारतील: सगळ्याच माश्यांना राणी होता येतं का? नव्या माद्यांना एकेकटं पिंजऱ्यात ठेवून अन्न-पाणी दिलं, तर साधारण निम्म्या पोळं बांधून अंडी घालतात आणि निम्म्या न घालताच मरतात. अळीपणी चांगलं खायला मिळालेल्या पहिल्या गटात जास्त. म्हणजे लहानपणचा घास पुढचं नशीब थोडं झुकवतो, पण ठरवून टाकत नाही. मधमाशीत मात्र तो पुरता ठरवतो. सातेरी काय, आग्या काय, राणी आणि कामकरी घडणीतच वेगळ्या असतात, एकीची दुसरी होत नाही. मधमाशीच्या कामकरीने चोरून अंडं घातलं तर बाकीच्या ते बहुतेक वेळा खाऊन टाकतात. मार्जिनाटा या वाटेच्या सुरुवातीच्या टप्प्यासारखी आहे, आणि म्हणूनच उत्क्रांती समजायला मधमाशीपेक्षा ही उपयोगाची.

---

देठ_आणि_पोळं

राणी गेली तर पोळं सहसा मोडत नाही. साधारण अर्ध्या तासात बाकीच्यांना ती नाही हे जाणवतं, कारण पोळ्यावर घासलेला स्राव विरत जातो आणि नवा लागत नाही. मग एकच कामकरी अचानक भयंकर आक्रमक होते, दिसेल तिच्यावर तुटून पडते. तिला भावी राणी म्हणतात. बाकीच्या तिला आव्हान देत नाहीत. दिवस जातील तशी तिची आक्रमकता उतरते, आठवड्याभरात ती अंडी घालायला लागते आणि जुन्या राणीसारखीच शांत होते.

राणी असताना ही वारस आपल्याला वागणुकीवरून ओळखता येत नाही. ती सगळ्यात मोठी नसते, सगळ्यात भांडखोरही नसते. वयाने जुन्या माश्यांना संधी जास्त, एवढंच. माश्यांना मात्र ती कोण हे ठाऊक असावं असं प्रयोगांतून दिसतं. पोळं मधोमध कापून जाळीने दोन भाग केले आणि राणी एका भागात ठेवली, की दुसऱ्या भागात एक माशी आक्रमक होते. राणीला त्या भागात हलवलं तर काही वेळा पहिल्या भागातून दुसरीच पुढे येते, आणि ही खरी वारस निघते. मग तिला पलीकडे नेलं तरी तिथली आधीची आक्रमक माशी मुकाट माघार घेते.

मुलांनी राणी मुद्दाम काढू नये. नुसती वाट पाहिली तरी बदल दिसू शकतो. एखाद्या सकाळी शांत पोळ्यावर एकच माशी सगळ्यांना झोडपताना दिसली, तर आधी रंग बघा, मग राणी जागेवर आहे का ते बघा, आणि घड्याळातली वेळ लिहा.

---

पहाटेचा_ठिपका

दोन व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या.

मोठी काळी गांधीलमाशी, पोटाच्या पुढच्या भागावर रुंद भगवा-पिवळा पट्टा, ती व्हेस्पा ट्रॉपिका. ती पोळ्यावर उतरली की तुमच्या माश्या लढत बसत नाहीत, पोळं सोडून शेजारच्या भिंतीवर जमतात. ती टोपणं फाडून अळ्या-कोष खाते. पोळं रिकामं दिसलं म्हणून काढून टाकू नका. ठिपकेवाल्या माश्या जवळपास शोधा; कधी त्या परत येतात, कधी हातभर अंतरावर नवा देठ लावतात. तिला हाकलायला फवारा मारू नका, त्यात तुमच्या माश्याच आधी मरतील.

दुसरं, दिवाळीआधीची रंगरंगोटी. आत्ताच मुख्याध्यापकांना सांगून त्या छज्ज्याभोवती मीटरभर जागा सोडायला लावा, आणि कामगारांसाठी काचेवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवा: इथे चुना, रंग, झाडू लावू नये. सुट्टीत शिपाईकाका झाडलोट करतात, त्यांना पोळं प्रत्यक्ष दाखवून ठेवा. कागद पावसाने पडतो, काका लक्षात ठेवतात.

---

विज्ञानताई_मानेवाडा

काकांना आजच दाखवलं. उद्या पहाटे साडेपाचला पहिले चार ठिपके. नकाशा तयार आहे: ५४ कप्पे, कालपासून दोन वाढले. कप्पा क्रमांक ५३ मध्ये आज अंडं दिसलं, तारीख टाकली.